सुताचं दुसरं टोक

मामंजी,

या शब्दानं मी तुम्हाला तुमच्या हयातीत एकदाही हाक मारली नाही. नऊ वर्षं तुमच्या घरात वावरले, तुमच्या ताटात भाकरी वाढली, तुमच्या रंध्याखालच्या ढलप्यांवर चूल पेटवली, पण हाक मारली नाही. सुनेनं सासऱ्याला हाक मारायची नसते, आणि सासऱ्याला सुनेशी बोलायचं झालंच तर त्यानं भिंतीशी, नाहीतर म्हशीशी बोलायचं आणि सुनेनं ते आपलं समजून ऐकायचं, अशी आपल्याकडची रीत. तुम्ही छपरीतून म्हणायचे, "कोनी हाय का तिकडं? पानी भेटन काय?" आणि घरात मी एकटी असले तरी तो 'कोनी' मीच, हे दोघांनाही ठाऊक असायचं. मी पदर नाकापर्यंत ओढून तांब्या ठेवायची आणि उलट्या पावली निघून यायची. आता मी तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढं गेले आहे, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, म्हणून मेल्या माणसाला हाक मारायची हिंमत आली. जित्या माणसाला मारायची होती, ती राहून गेली.

निमित्त सांगते. तुमची पणती, म्हणजे माझी नात, अमरावतीला कॉलेजात मराठी शिकते. तिला कुठल्याशा सरांनी कारागिरांची नावं गोळा करायला सांगितली आहेत, कोणत्या धंद्याला कुठं काय म्हणतात आणि तो शब्द आला कुठून. सुट्टीत आली ती वही घेऊनच. मी ज्वारीचं पीठ चाळत होते. म्हणाली, "आजी, लाकडावर नक्षी कोरणाऱ्याला तुमच्या गावात काय म्हणायचे?" मी म्हटलं, "वाढई." तर म्हणते, "अगं, तो सुतार झाला. नक्षीवाला वेगळा असेल ना?" माझं डोकंच फिरलं. "वेगळा कायले असन? ज्यानं वखर केला त्यानंच देवाचं मखर केलं! सकाळी जू तासायचं, दुपारी मोराची मान कोरायची, हात तोच आणि पटाशी तीच." ती हसायला लागली, कारण रागावले की माझी वऱ्हाडी बाहेर पडते. इतकी वर्षं मास्तरकी केली तरी ती काही पुसली गेली नाही.

मग तिनं बॅगेतून जाडजूड कोश काढला आणि मला वाचून दाखवलं. वाढई हा शब्द संस्कृतातल्या वर्धकीवरून आला म्हणे, फार जुना, आणि त्याच्या मुळाशी कापणं आहे. सुतार आला सूत्रधारावरून, म्हणजे सूत धरणारा. आणि मिस्त्री? तो तर आपला नाहीच, फिरंग्यांच्या गलबतातून उतरला म्हणे, पोर्तुगीजांच्या भाषेतून. ते ऐकून माझा हात चाळणीतच थांबला. कारण मामंजी, या तीन शब्दांपायी तुमच्या-माझ्यात काय झालं होतं, ते त्या कोशात कुठून असणार! पोर आपल्याच नादात होती. "म्हणजे बघ आजी, ज्याच्या हाती सूत तो सुतार." मी म्हटलं, "सुताला दोन टोकं असतात बाई." "मग दुसरं टोक कोण धरायचं?" "मी धरायची." तिनं ते लगेच वहीत उतरवून घेतलं, डोळे चमकवत. पुढचं मात्र मी तिला सांगितलं नाही. गणेशपट्टीवरच्या सुताचं. ते आधी तुम्हाला सांगायला पाहिजे, म्हणून हे लिहायला बसले.

मी खामगावची पोर. माझा बाप कापसाच्या जिनात मिस्त्री. जिनाचे दांडे, रुळांच्या चौकटी, सरकीचे पाट, सगळ्या लाकडी कामाची दुरुस्ती त्याच्याकडं. भोंगा झाला की अंगावर कापसाची तूस घेऊन घरी यायचा, आणि सारी आळी त्याला 'मिस्त्री' म्हणायची, जिनाचा मुनीमसुद्धा. त्यानं मला मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकवलं. तेव्हाच्या शाळेच्या दाखल्यावर वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं छापलेलं असे, आणि तो कागद मी लग्नात ट्रंकेच्या तळाशी दागिना ठेवावा तसा ठेवून आणला होता. तुमचं गाव डोणगावच्या पलीकडं दोन कोस. बैलगाडीतून उतरले तर विहिरीवरच्या बाया म्हणतात, "वाढयाची सून आली वं!" वाढयाची! मला तर रडूच आलं. मिस्त्रीची पोर होते, वाढयाची सून झाले, जणू पायरी उतरून खाली आले. सोळा वर्षांची अक्कल ती, मामंजी. तिला काय माहीत, कोणता शब्द जुना आणि कोणता कालचा.

तुमचं काम पाहिलं तेव्हा मात्र तोंडात बोट गेलं होतं, हे कबूल करते. छपरीत बसून तुम्ही पाटलांच्या देव्हाऱ्याची कमान कोरत होते. समोर कागद नाही, चित्र नाही. पटाशीवर ठोकणीचे हलके हलके ठोके, आणि लाकडातून वेल निघत चाललेला, जणू आतच होता आणि तुम्ही फक्त वरचं पांघरूण काढत होते. मी दाराआडून पाहत राहिले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ओरडल्या, "दूध जाऊन राह्यलं अन् ही पोरगी ढलप्या मोजून राह्यली!" तुम्ही मान वर न करता म्हशीला म्हणाले, "पाहू दे वं. पाह्यल्यानं लाकूड काही झिजत नाही."

सुताचं दुसरं टोक वीस वर्षं आत्याबाईंनी धरलं होतं. ओंडक्यावर सरळ रेघ मारायची म्हणजे गेरूच्या पाण्यात भिजवलेलं सूत दोन्हीकडून ताणून धरायचं, मधून चिमटीत उचलायचं आणि सोडून द्यायचं. टण्ण आवाज होतो आणि लाल रेघ उठते. त्या रेघेवर करवत चालते. तुमचा मुलगा, आमचे हे, दिवसभर आसपासच्या गावांत वखर-नांगर दुरुस्तीला जायचे, म्हणून घरातलं बाईमाणूसच टोक धरायचं. पण मी आले त्याच्या पुढच्या वर्षी आत्याबाईंची मनगटं सुजली, सांधे धरले, सूत ताणलं की त्यांना कळ यायची. आता काय करावं? सुनेला सांगता येत नाही, आणि शेजाऱ्याला बोलवायचं तर रोज कोण येणार? तुम्ही एक दिवस सुताचं टोक आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हशीला म्हणाले, "मशे, तुले जर हात असते तं लय बरं झालं असतं." मला हसू आवरेना. पदरात तोंड दाबून मी टोक उचललं आणि ओंडक्यापाशी जाऊन बसले.

तेव्हापासून आपण बोलायला लागलो असं मी मनाशी म्हणायची. तोंडानं नाही, सुतानं. तुम्ही एकदा ओढलं की धरून ठेव. दोनदा ओढलं की सोड. मी अंगठ्याखाली टोक खुणेवर दाबलं की हलकासा झटका द्यायची, म्हणजे बसलं. त्यावर तुम्ही एक डोळा मिटून रेषेवरून नजर फिरवायचे आणि मगच सूत उचलायचे. गेरूचे डाग पडतात म्हणून त्या कामाला मी एक जुनंपानं लुगडं ठेवलं होतं, धुऊन धुऊन विरलेलं. आत्याबाई म्हणायच्या, फेकून दे. मी फेकलं नाही. ते नेसलं की मला वाटायचं, आता मी कामाला निघाले.

आणि मग देवीच्या देवळाचं दार आलं. गावच्या देवळाला पाटलांनी नवीन दार करायचं ठरवलं आणि तुम्हाला वाड्यावर बोलवून कामाचा मान म्हणून नारळ दिला. तुम्ही घरी आले ते चालत नव्हते, तरंगत होते. आत्याबाईंना म्हणाले, "म्हातारे, आता मेलो तरी चालते. देवीचं दार माह्या हातानं होऊन राह्यलं." सातपुड्याच्या रानातून सागाचा लांबलचक नग आला. असा साग की हात फिरवला तर तुपासारखा. त्यातून दारावरची गणेशपट्टी काढायची होती, मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना वेल आणि वेलात राघू. तुम्ही चार दिवस नुसते त्या लाकडाभोवती फिरले. जेवताना उठून जायचे, टिचकी मारून ऐकायचे. माझ्याकडच्या टोकाला तुम्ही आधी कोळशानं खूण केली, मग वरच्या कडेला एक गाठ आहे, ती तासून काढावी लागेल असं दिसलं म्हणून दोन बोटं खाली गेरूनं दुसरी खूण केली. कोळशाची पुसायची राहून गेली.

त्याच दिवसांत खानेसुमारी आली. डोणगावचे शाळामास्तर मोजणीला नेमलेले. एका हातात वही, दुसऱ्या हातात गेरूचं डबडं, घराच्या चौकटीवर नंबर टाकत टाकत आपल्या दाराशी आले. चौकटीवर कुंचला टेकवणार तोच तुम्ही धावले, "नोका मास्तर! ते माह्या बापानं कोरेल हाय. भितीवर लिव्हा, पाहिजे तं माह्या पाठीवर लिव्हा." मास्तर हसले, भिंतीवर नंबर टाकला. मग वही उघडून विचारलं, घरात माणसं किती, कर्त्या माणसाचा धंदा काय. आणि मी, चौथी पास, दाराआडून ठणकावून बोलले, "मिस्त्री लिहा." मला वाटलं, तुमचा मान वाढवते आहे. सरकारच्या वहीत आपल्या घराचं नाव चांगलं लागावं, एवढंच मनात होतं.

तुम्ही काय म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "मिस्त्री नोका लिहू मास्तर. वाढई लिव्हा. मिस्त्री जिनात असते. मशीन मालकाचं, पाना मालकाचा, भोंगा झाला का पयत सुटते. लाकूड कोन्या रानातलं हाय, हे बी त्याले ठाव नसते. मी कोनाचा नोकर नोहो." मास्तरांनी सहज विचारलं, वाढई म्हणजे काय हो, शब्द कसा झाला? तर तुम्ही खुशीत येऊन सांगितलं, "झाड उभं हाय तवर त्याले देव वाढवते. आडवं झालं का मंग आमी वाढवतो." नातीच्या कोशात तसं नाही, तिथं कापणं लिहिलं आहे. कोशानं काय म्हणायचं ते म्हणो, मला तुमचंच पटतं. पण त्या दिवशी पटलं नव्हतं. कारण मास्तर गेल्यावर तुम्ही गोठ्याकडं तोंड करून, सारी गल्ली ऐकेल असं म्हणाले, "शिकेल पोरीले घरच्या नावाची लाज वाटते, मशे! पाह्य, काय दिवस आले."

मामंजी, तुमच्या लक्षात आलं नाही. भोंग्यावर पळत सुटणारा तो मिस्त्री माझा बाप होता. आणि त्याला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. कापसाची तूस छातीत बसून बसून खोकत गेला. शेवटच्या वेळी मी भेटायला गेले तेव्हा त्यानं माझे हात हातात घेऊन गेरूचे डाग पाहिले आणि म्हणाला, "सूत धरतं का वं? चांगलं हाय. माहा बाप बी वाढईच होता." त्या बापाला तुम्ही नोकर म्हणाले, आणि तेही म्हशीच्या तोंडानं, मला उलटून बोलायची सोय नाही अशा रीतीनं. मी काय करणार? दोन दिवस वरणात मीठ कमी टाकलं. तुम्ही ते मुकाट्यानं खाल्लं, त्यानं तर मी आणखीच पेटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूत मारायचं होतं. करवत ओढणारे दोन गडी येऊन बसले होते, चिलीम ओढत. मी विरलेलं लुगडं नेसून, पदर ओढून, माझ्या टोकाला जाऊन बसले. टोक खुणेवर दाबलं, झटका दिला. तुम्ही सूत उचललं, सोडलं. टण्ण! लाल रेघ उठली. गड्यांनी करवत लावली. दुपारपर्यंत फळी सुटून खाली पडली, आणि तुम्ही हात फिरवत फिरवत माझ्या टोकापर्यंत आले आणि थांबले. वीत टाकली. पुन्हा टाकली. पट्टी एका बाजूला पुरी आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं निमुळती उतरली होती, गाठ पट्टीतच राहिली होती, आणि वेल नि राघू कोरायला त्या बाजूला अंगच उरलं नव्हतं. टोक कोळशाच्या खुणेवर धरलं गेलं होतं. तुम्ही त्या लाकडाशेजारी उकिडवे बसून राहिले, गडी एकमेकांकडं पाहत राहिले. मी आत पळाले.

पाटील संध्याकाळी आले. "काय झालं रे वाढई? असा साग पुन्हा भेटते काय?" मी दाराच्या फटीतून पाहत होते. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. साऱ्या गावासमोर निघणार, आणि निघायलाच पाहिजे होतं. तुम्ही हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "माहे डोये गेले, पाटील. सूत माह्याच्यानं चुकलं." बस्स, एवढंच. खरंच तुमच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून ते सगळ्यांना लगेच पटलं. पाटील चांगले होते, त्यांनी आवाज चढवला नाही. पण आठ दिवसांत जालन्याकडचे कारागीर आले आणि देवीचं दार त्यांच्याकडं गेलं. 'वाढयाचे डोये गेले' ही बातमी मेहकरच्या बाजारापर्यंत पोचली. त्यानंतर तुमच्याकडं वखर आले, पाळणे आले, पोळपाट आले. दार मात्र कधी कोणी आणलं नाही.

त्या संध्याकाळी मी आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि त्यांना सांगितलं, "पदरातून खूण दिसली नाही वं आत्याबाई, दोन खुणा होत्या, मला समजलंच नाही." त्यांनी ते तुम्हाला सांगितलं. मला वाटलं, आता तरी तुम्ही चिडाल. तुम्ही तंबाखू मळता मळता आत्याबाईंना म्हणाले, "तिले सांग, आजपासून माह्यासमोर पदर घ्याचा नाही. सूत धरतानी बी नाही अन् एरवी बी नाही." आत्याबाई उठूनच उभ्या राहिल्या. "माय वं! लोकं काय म्हनतीन?" "लोकं काय म्हनतीन ते लोकाइले म्हनू दे. आंधळी करून बसवाची अन् मंग वरतून डोये मागाचे, हा कोठचा न्याय? चूक तिची नोहे. चूक त्या पदराची हाय, अन् तो पदर आपन घालेल हाय."

दुसऱ्या दिवशी मी उघड्या तोंडानं छपरीत आले. गल्लीतल्या बाया कुडावरून डोकावल्या, एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरीनं "काय बाई जमाना" म्हटलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलं, तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा सुनेचं तोंड पाहिलं, आणि मान हलवून रंधा उचलला. म्हशीला त्या दिवशी सुट्टी मिळाली. तुम्ही सरळ मला म्हणाले, "हे टोक धर."

त्या वाया गेलेल्या गणेशपट्टीचं तुम्ही काय केलं, ते मी नातीला हजारदा सांगितलं आहे. तुम्ही तिच्या पाट्या केल्या. लहान लहान, गुळगुळीत, कडेला एकेक पान कोरलेल्या. काजळीनं काळ्या केल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. "तुले लिवता येते ना? मंग छपरीत दोन-चार पोरी बसव. ढलप्यात खेळून राह्यतात त्या." असं करत माझी शाळा सुरू झाली, मामंजी. एका बाजूला तुमचे ठोके, दुसऱ्या बाजूला पोरींची बाराखडी. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण पोरी 'ग' गिरवायला लागल्या की तुम्ही पटाशी थांबवून म्हणायचे, "याचा पाय वाकडा काढला वं हिनं," आणि खरंच वाकडा असायचा. पुढं लोकल बोर्डाची मुलींची शाळा निघाली तेव्हा मला तिथं घेतलं. आम्ही वऱ्हाडचे महाराष्ट्रात आलो, शाळेवरच्या पाट्या बदलल्या, मी हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाले. माझ्या लेकी शिकल्या, नात कोश वाचते. निरोपाच्या सभेत मी साऱ्यांसमोर सांगितलं की माझ्या सासऱ्यांनी पदर काढायला लावला म्हणून मी इथं उभी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले आणि मला पाणी मागावं लागलं.

देवीच्या दाराकडं तुम्ही कसे पाहायचे, हे एक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दर नवरात्रात आपण सगळे जायचो. तुम्ही आत जाण्याआधी चौकटीशी थांबायचे, दिसेनासं झालं तेव्हा बोटांनी चाचपायचे, दुसऱ्यानं कोरलेला तो वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पानं बरी हायेत," असं म्हणायचे. "राघूच्या मानीत जीव नाही, पन पानं बरी हायेत." मग आत जाऊन देवीला हात जोडायचे. दरवेळी सांगावंसं वाटायचं, आणि मी आरतीचं ताट घेऊन पुढं निघून जायची.

शेवटच्या वर्षी दोन्ही डोळे गेले तरी तुम्ही छपरीत बसायचे. गावच्या एका म्हाताऱ्याला पाळणा हवा होता, तो म्हणाला, "वाढई, आता तुले रेघ कशी दिसन?" तुम्ही हसले. म्हणाले, "रेघ कायले पाहाची? सूत खोटं बोलत नाही. अन् दुसऱ्या टोकाले माही सून हाय. तिनं धरलं का मी डोये असतानी बी पाह्यत नव्हतो." मी तिथंच होते, हातात टोक धरून. तेव्हा बोलायचं होतं. पदर नव्हता, रीत आड येत नव्हती, तुम्ही सरळ माझ्याशी बोलत होते. मी सुताला झटका दिला, बसलं म्हणून. पुढच्या पौषात तुम्ही गेले. स्वातंत्र्याचा झेंडा चढायचा होता अजून.

नात आत झोपली आहे, उद्या जाणार. हे कागद मी तिच्या हाती देणार नाही. तिच्या वहीत सुतार म्हणजे सूत धरणारा एवढं बरोबर आहे, तेवढं राहू दे. तुमचं म्हणाल, तर तुम्हाला पाठवायला पत्ताच नाही. ट्रंकेच्या तळाशी, शाळेच्या त्या दाखल्याखाली ठेवून देईन.

तुम्ही नेहमी रेषेवरून नजर फिरवायचे ना, म्हणून केलं. तुम्हाला दिसेल, तुम्ही ओरडाल, निदान एकदा म्हशीला सोडून माझ्यावर ओरडाल, आणि मी म्हणेन, नोकराच्या पोरीला काय कळतं. तेवढंच करायचं होतं. पण त्या सकाळी तुम्ही पाहिलंच नाही, नुसतं सूत उचललं. मग करवत चालली, दुपारपर्यंत चालली, आणि माझं तोंड उघडलं नाही. लुगडं विरलेलं होतं, मामंजी. त्यातून सारं दिसायचं. दोन्ही खुणा मला चांगल्या दिसत होत्या.